बाहुलीची तीट

सावनीला थोपटता थोपटता माझाच हात मंदावतो. दुपारची वेळ. उशाशी उद्याच्या पाठासाठी शिवलेली मोज्याची बाहुली. बालवाडी शिक्षिकेच्या पदविकेचा हा शेवटचा पाठ, परीक्षकांसमोर घ्यायचा. सावनीला पहिल्यांदाच दिवसभर शेजारच्या मालनकाकूंकडे ठेवावं लागणार. जावं की नाही, अजून ठरत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच दारात आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्या गेल्या तेव्हा सावनी पोटात होती.

"पोर दे इकडं," त्या म्हणतात. "तू जा परीक्षेला."

मी सावध होते. जित्या होत्या तोवर यांच्या तोंडून 'जा' कधी निघालं नाही.

"तुम्हीच म्हणायचात ना, पोरं सांभाळायला परीक्षा कशाला?"

"म्हणायचे की. पाच वाढवली, एकाचाही पेपर दिला नाही."

मी ओट्याकडे सरकते, तर ओटा नाही. बालवाडीच्या बुटक्या खुर्च्या आहेत, ओळीनं, पार भिंतीपलीकडे गेलेल्या. एकीत आत्याबाई अवघडून बसल्यात. सावनी त्यांच्याकडे बघून खुदकन हसते. कधी न पाहिलेल्या माणसाला बघून का हसावं हिनं? गेलेल्या माणसानं स्वप्नात काही मागितलं तर देऊ नये, हे मला यांनीच सांगितलेलं.

"नाही देणार." मी सावनीला छातीशी धरते. "न्यायला आलेल्याची खात्री पटल्याशिवाय मूल हातात द्यायचं नाही. बालवाडीचा नियम आहे."

"सासूला नियम सांगतीस?"

"हो."

"बरं झालं. मला वाटलं, नुसती गाणीच शिकवतात." मग आत्याबाई हात पुढे करतात. "ती बाहुली तरी दे. उद्या चार डोळ्यांपुढं जायची."

देते, पण एक टोक मुठीत घट्ट धरून.

जाग येते ती मूठ आवळलेलीच. उशाशी बाहुली, तिच्या कानामागे काळी तीट. सावनी कुशीत गाढ झोपलीय. तिचा गाल बघते, बोटं उलगडून बघते. स्वच्छ. माझीही. बाळाला काजळ लावू नये हे वर्गात शिकल्यापासून डबी कपाटावर आहे. चढून बघते, तर झाकणावरची धूळही मोडलेली नाही.

बाहुलीच्या कानामागे मात्र तीट आहेच. बोट लावते. ओली आहे.

तशीच, न पुसता, ती मी उद्याच्या पिशवीत ठेवते. बोट तेवढं साबण लावून धुते.