आईच्या फोनची रिंग

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांचा मेंदू ऐकते. उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागात केसाहून बारीक तारा बसवलेल्या असतात. तिथली एखादी पेशी बोलली की स्पीकरमधून तड् असा आवाज येतो. उंदराला एक बीप ऐकवायची आणि ती संपताना पायाला हलका शॉक द्यायचा. थोड्याच वेळात तो नुसत्या बीपनं थिजतो. तेव्हा काही पेशी बीप सुरू होताच तडतडायला लागतात, काही उलट गप्प होतात. भीती शिकण्याआधी त्यातल्या बऱ्याच पेशींना त्या बीपचं काहीच नसतं.

आमचं घर मिरजगावला. माझे वडील, अण्णा, टेम्पोत कांदा घालून नगरच्या मार्केटला जायचे आणि परतताना गाव जवळ आलं की आईला फोन करायचे. "चहा टाक," एवढंच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तसाच फोन वाजला. स्क्रीनवर अण्णांचंच नाव होतं. आईनं उचलून विचारलं, "कुठवर आलात?" पलीकडून परका माणूस बोलत होता. अण्णांनी टेम्पो नीट रस्त्याच्या कडेला घेतला होता आणि स्टिअरिंगवर मान टाकून ते गेले होते.

त्यानंतर फोन वाजला की आई जागच्या जागी उभी राहायची. पोळी तव्यावर करपायची, तरी तिचा हात हलायचा नाही. मी रिंग बदलून दिली, पण नव्या रिंगलाही तेच. शेवटी तिनं फोन बंद करून बाजरीच्या डब्यात ठेवून दिला. मी संध्याकाळी बंगळूरहून लावायचे आणि 'स्विच ऑफ' ऐकून खोलीत बसून राहायचे. शेजारच्या काकूंच्या फोनवर ती यायची, पण लोकांच्या घरात आई मोकळं बोलत नाही. मला अण्णा तर हवेच होते, पण त्या दिवसांत आईसुद्धा माझ्यापासून तेवढीच लांब गेल्यासारखी वाटायची.

मी रजा काढून घरी आले. प्रयोगशाळेत भीती उतरवायची असेल तर तीच बीप पुन्हा पुन्हा ऐकवतात, शॉक न देता. उंदीर हळूहळू सैल होतो आणि पुढच्या मेंदूतल्या दुसऱ्याच काही पेशी बोलायला लागतात. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. मी डब्यातला फोन काढून चालू केला, आईजवळ ठेवला आणि अंगणात उभी राहून तिला लावला.

"उचल ना, मीच आहे," मी दारातून ओरडले.

"कळतंय गं, पर छातीत धस्स होतंय."

त्या दिवशी तिला जमलं नाही. आठवडाभर मी अशीच लावत राहिले. मग एकदा तिनं उचलला, दारातून माझ्याकडे बघत "हॅलो" म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो.

पण भिंगारला मावशीकडे गेलो, तिथं रिंग वाजली आणि आईच्या हातातली ताटली खाली पडली. उंदराचंही असंच होतं. ज्या खोक्यात भीती उतरवली तो बदलला की ती परत येते. हे मला ठाऊक होतं, तरी रडू आलं. मी तिला उंदराचं सगळं सांगितलं.

"त्याला ती बीप आधी आवडायची का?" तिनं विचारलं.

"नाही. आधी तो आवाज त्याच्या कसल्याच कामाचा नसतो."

"मी तर रोज त्या रिंगची वाट बघायची," आई म्हणाली. "आता लई भ्या वाटतंय. पर वाजली की आधी मनात येतं, ह्येच असतील."

मी तिचा हात धरून बसले.

आता मी परत बंगळूरला आहे. आईचा फोन चालू असतो. रिंग बराच वेळ वाजते, मग ती उचलते. त्या मधल्या वेळात तिचं काय होत असेल, हे मला तारा लावून ऐकता येत नाही.

परवा पहिल्यांदा तिनं आपणहून फोन केला. "मेथी केली हुती. एकटीला संपत न्हाई," म्हणाली. मागं कुणीतरी बोअरची मोटर चालू केली, पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला.

"ठेवू का गं?"

"थांब की जरा," मी म्हटलं.