बुरशीबाईंचं बिनकामाचं जनुक

बुरशीबाई कुणालाही पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारायच्या. तुम्ही काय काम करता? आणि ते करायला तुम्हाला कोण सांगतं? पहिल्या प्रश्नाने माणूस खुलायचा आणि दुसऱ्याने त्याचं तोंड वाकडं व्हायचं. आमच्या गुंद गावच्या रस्त्यावर फॉरेस्टचा गार्ड भेटला, त्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो म्हणाला, "वरनं फोन येतोय." "आणि वरच्यांना?" "त्यांच्या वरनं." "आणि थांबायला कोण सांगतं?" "थांबायला कुणी सांगाय लागत न्हाई, मॅडम." हे ऐकून बाई इतक्या खूश झाल्या की त्याला घरी आणून चहा पाजला. करायला अर्थातच मी.

आमचा छोटा होमस्टे आहे. गणेशगुडीला राफ्टिंगला आलेली मंडळी तिकडच्या खोल्या भरल्या की नाइलाजाने आमच्याकडे येतात. बाई आठवड्याभरासाठी खोली मागायला आल्या आणि येऊन-जाऊन तीन वर्षं राहिल्या. मूळच्या बेळगावच्या, बेंगळूरच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होत्या. आमच्याकडे मुडली नावाचा भला मोठा कंद लावतात. त्याच्या मुळाशी मातीत राहणारे जिवाणू आणून त्या काचेच्या चपट्या ताटल्यांत वाढवायच्या. गावाने त्या ताटल्यांतले ठिपके पाहिले आणि बाईंचं बारसं करून टाकलं. "बुरशी नव्हे हो, जिवाणू," असं त्यांनी महिनाभर सगळ्यांना सांगून पाहिलं. पुढे पुढे त्या स्वतःच फोनवर "मी बुरशीबाई बोलतेय" म्हणायला लागल्या.

ताटल्यांचा मुक्काम आमच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या वरच्या कप्प्यात. एकदा गोव्याच्या एका पाहुण्याने फ्रिज उघडला आणि त्याला वाटलं, घरची जेली आहे. नशीब की चमचा मागायला तो माझ्याकडे आला. मी दूध बाहेर काढून ठेवायला लागले तर बाई मलाच समजावतात, "वहिनी, घाबरू नका. ते दुधापेक्षा स्वच्छ आहेत." आता याला काय म्हणायचं! दूध मी रोज तापवत होते.

त्यांच्या कामात मला काही कळत नाही असं त्यांना कधीच वाटलं नाही, हा त्यांचा मोठा गुण. एवढ्याशा जिवाणूच्या आत हजारो जनुकं असतात, एक दुसऱ्याला कामाला लावतं, दुसरं तिसऱ्याला गप्प बसवतं आणि असा सगळा कारभार चालतो, असं त्या सांगायच्या. एकदा ओट्यावर कोळशाने आमच्याच घराचा नकाशा काढून दाखवला. प्रत्येक माणसाला एक गोल. कामाला लावलं तर बाण, थांबवलं तर रेघेपुढे आडवी दांडी. चित्र पुरं झालं तेव्हा सगळ्या दांड्या एकाच गोलातून निघालेल्या होत्या, आणि तो गोल माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्तींचा. आमच्या यजमानांकडे नुसत्या रेघा येत होत्या, त्यांच्याकडून कुठेच जात नव्हत्या. आत्तींनी चित्र वाकून पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "ओटा कोण पुसणार?" बाईंनी निमूट पुसला.

त्या चित्रात एक गोल कुणालाच न जोडलेला होता. तो माझ्या धाकट्या दिरांचा, बाबू भावजींचा. दिवसभर कट्ट्यावर बसणं हाच त्यांचा धंदा. "यांचं काही काम नाही," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "काम नाही असं म्हणू नये, वहिनी. काम माहीत नाही असं म्हणावं." झालं! भावजींना तेवढंच हवं होतं. लाकडं फोडायला सांगितली तरी हे वाक्य ऐकवायला लागले.

पण बाईंचं ते वाक्य भावजींसाठी नव्हतं, त्यांच्या एका जनुकासाठी होतं. मुडलीच्या मातीत त्यांना एकाच जातीचे दोन जिवाणू सापडले होते. एकात ते जनुक होतं, दुसऱ्यात मुळातच नव्हतं, आणि दोघेही सारखेच मजेत वाढत. मग ते करतं काय? कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. बाईंनी दोघांना गरमीत ठेवलं, गारठ्यात ठेवलं, उपाशी ठेवलं, मीठ चारलं. दोघांना काही फरक पडत नव्हता, बाईच वाळत चालल्या होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांच्या पीएचडीच्या गाइडने स्पष्ट सांगितलं की या पावसाळ्यात काही निघालं तर ठीक, नाहीतर हे जनुक सोडा आणि दुसरा विषय घ्या. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

गाइडला भेटायला त्या बेंगळूरला गेल्या आणि इकडे पावसाने करंट घालवला. त्यांनी एका पेटीत बल्ब लावून ताटल्यांना ऊब दिली होती, ती गेली. खोलीत ओल आली. आत्ती गेली तीन वर्षं पाहत होत्या की ही पोर जुन्या ताटलीतलं थोडं काढते आणि नव्या ताटलीत लावते. त्यांच्या हिशेबी, जे राखून ठेवून पुन्हा लावायचं ते बी. आणि पावसात बी कुठे ठेवतात? चुलीवरच्या माळ्यावर. त्यांनी सगळ्या ताटल्या नेऊन आमसुलं आणि भोपळ्याच्या बियांशेजारी मांडल्या. धूर नीट लागावा म्हणून झाकणंही कलती केली.

बाई परतल्या तेव्हा ताटल्यांतला थर पापडासारखा वाळून कडेला वळला होता. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि रडल्या. आत्ती गोंधळल्या. "अगं, बी वाळवल्याबिगर ऱ्हातंय व्हय?" बाईंनी त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. डोळे पुसले, चहा घेतला आणि टाकून देण्याआधी प्रत्येक पापडाचा तुकडा भिजवून नव्या ताटलीत लावला, कारण काहीही टाकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

थोड्याच दिवसांत एका जिवाणूचे ठिपके टरारून आले. दुसऱ्याचा पत्ता नाही. जनुक ज्याच्यात नव्हतं, तो मेला होता. बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या धावत स्वयंपाकघरात आल्या. "आत्ती, परत तसंच ठेवाल?"

"न्हाई. मागल्या खेपेला रडलीस."

खूप विनवण्या झाल्यावर आत्ती तयार झाल्या, पण आमसुलं जागची हलवायची नाहीत या अटीवर. पुन्हा वाळवलं, पुन्हा भिजवलं. पुन्हा तेच. मग बाईंनी बेंगळूरला प्रयोगशाळेत जगलेल्या जिवाणूतलं तेवढं एक जनुक काढून टाकलं आणि धुराशिवाय नुसतं वाळवलं. तोही मेला. उन्हाळ्यात मुडलीचं रान भाजून निघतं, तेव्हा हे जनुक जागं होतं आणि बाकीच्या जनुकांना सांगतं की वाढणं बंद, खाणं बंद, गप पडून राहा, पाऊस येईपर्यंत. ज्याच्यात ते नाही तो आपला खात-वाढत राहतो आणि मरतो. ओल्या, भरल्या ताटलीत त्या बिचाऱ्या जनुकाला काम कुठून मिळणार?

"म्हणजे सगळ्यांना थांबवणारं," मी म्हटलं. "वहिनी, अगदी आत्ती," बाई हळूच म्हणाल्या. आत्तींना ऐकू गेलं होतं, पण त्या भाकरी थापत राहिल्या.

बाईंची पीएचडी झाली. पुढच्या कामासाठी त्यांना परदेशात जागा मिळाली आणि खोली रिकामी करायला त्या शेवटच्या आल्या. आमच्या यजमानांनी जोयड्याच्या बस स्टँडवर सोडायला जीप काढली. फ्रिजचा वरचा कप्पा मोकळा झाला तर मला तिथे दूध ठेववेना. आत्तींनी मुडलीचा एक कंद आणून जीपमध्ये बसलेल्या बाईंच्या मांडीवर ठेवला आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

"पोरी, ती तुझी काम म्हाईत नसलेली अजून हायती काय, का सपली?"

"सपतायत कुठली, आत्ती. एकट्या त्या जिवाणूतच तसली जनुकं शेकड्यांनी असतील."

"इथल्याच मातीतली न्हवं?"

"इथल्याच."

"मग जातीस कशाला?"

प्रत्येकाला कोण सांगतं म्हणून विचारत फिरणाऱ्या बाई कंदावरची माती नखाने खरवडत राहिल्या. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली, आणि त्यांनी जीप सुरू केली.