न झाडलेली खोली

मेश्रामकाकांच्या घरून निघालं की आपला चहाचा कप टेबलावर तसाच राहायचा. आपल्याला उचलू द्यायचे नाहीत, स्वतःही उचलायचे नाहीत. "पोचला म्हणून कळव, मग उचलतो," म्हणायचे. लांबून आलेल्यांचं ठीक आहे, पण मी त्यांच्या समोरच राहतो. मध्ये प्लेनोतला एक रुंद, रिकामा रस्ता. "काका, समोर तर जातोय," म्हटलं की म्हणायचे, "मग काय झालं? पोर्चचा दिवा दोनदा लाव. मी खिडकीत बसूनच आहो." मी दिवा लावायचो, काका हात करायचे आणि मग कप सिंकमध्ये जायचा. म्हातारा जरा सटकलेला आहे, असं तेव्हा माझं प्रामाणिक मत होतं.

काका मूळ नागपूरचे. इंजिनियर म्हणून अमेरिकेत आले, इथेच रिटायर झाले. मंदाकाकू गेल्यावर चार बेडरूमच्या घरात एकटेच असायचे. मुलगा लांब, रेडमंडला; दर रविवारी त्याचा फोन यायचा. ऑक्टोबरात मात्र काका आठवडाभर दक्षिण इटलीतल्या एका खेड्यात जायचे. दरवर्षी तेच खेडं, तेच गेस्ट हाउस, तीच खोली. "काका, जग केवढं आहे यार, दुसरीकडे जा की," मी म्हणायचो. "काहून? तिथं माझी उशी कोणती ते त्यायले माहीत आहे," एवढंच उत्तर.

एका वर्षी बायको मुलांना घेऊन पुण्याला गेली होती, माझी सुट्टी उरली होती. काका म्हणाले, चल. गेलो. ऑलिव्हच्या बागांमधलं दगडी घर, अडीचशे वर्षं एकाच कुटुंबाकडे. तळघरात तेलाचा जुना घाणा. भिंती इतक्या जाड की काका खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसायचे. घरची मालकीण सत्त्याऐंशी वर्षांची. सगळे तिला नोन्ना म्हणायचे, म्हणजे आजी. काका मात्र 'माय' म्हणायचे. तिला इंग्रजी येत नव्हतं, काकांना इटालियन येत नव्हतं. ती तिच्या गावच्या बोलीत, हे नागपुरीत, अशा दोघांच्या तासन्तास गप्पा चालायच्या. "काही समजतं का काका?" "घंटा समजते. पण ऐकते नं ती."

नोन्नाची नात लुचिया हिला इंग्रजी यायचं. काका पहिल्यांदा आले त्याची गोष्ट तिनेच मला सांगितली. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी काकूंनी तिथलं बुकिंग केलं होतं आणि त्याआधी दोन महिने त्या गेल्या. बुकिंग कॅन्सल होईना, म्हणून काका एकटेच आले. टेबलावर दोन ताटं मांडलेली. काकांनी दुसऱ्या ताटाकडे बोट दाखवून नुसता हात हलवला. नोन्नाने ताट उचललं नाही. स्वतःची खुर्ची ओढली आणि त्या ताटावर जेवायला बसली. तेव्हापासून काका तिथे असले की ती त्यांच्या टेबलावर जेवते.

मला काकांच्या दोन दिवस आधी निघायचं होतं. निघताना नोन्नाने लुचियाकरवी बजावलं, पोचलास की फोन कर. पाहुणा रस्त्यात असताना त्याच्यामागे झाडू फिरवायचा नाही, ही तिच्या सासूची शिस्त. फोन येईपर्यंत खोली झाडायची नाही, चादरही काढायची नाही. मी हो हो म्हटलं आणि विसरलो. जेट लॅग, ईमेल, रोजच्या मीटिंगा.

मी परतलो त्याला आठवडा झाला आणि काका माझ्या दारात उभे. बसलेसुद्धा नाहीत. "अबे, लुचियाचा फोन होता. तुझी खोली अजून तशीच पडून आहे. मायनं दोन पाव्हणे परत पाठवले तुझ्यापायी." तिथल्या तिथे मला फोन करायला लावला. मग जरा शांत होऊन म्हणाले, "आमची मायबी असंच करे. पाव्हणा गेल्यागेल्या केर नाही काढू देत होती. ती गेली, मंदा गेली. आता मी पोचलो का नाही, याची वाट पाहणारी ही एकच म्हातारी."

"असं काय काका, मी आहे ना समोर," मी म्हटलं. काकांनी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला शरम वाटली. पण ती दोन दिवसच टिकली.

गेल्या ऑक्टोबरात काका शनिवारी दुपारी परत यायचे होते. न्यायला येशील का, असं त्यांनी विचारलं होतं. त्याच दिवशी ऑफिसात माझं सॉफ्टवेअर रिलीज होतं. "काका, कॅब कराल का?" "जमते, जमते," म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या पोर्चमध्ये दिवा दिसला. आले म्हणायचे, असं म्हणून मी पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. रविवारी भर उन्हात दिवा चालूच. विसरले असतील, उद्या जाऊन येऊ.

सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये असताना लुचियाचा फोन आला. अडीअडचणीला म्हणून काकांनी तिच्याकडे माझा नंबर देऊन ठेवला होता. "काकांचा फोन आला नाही. आम्ही दोन दिवस लावतोय, लागत नाही. नोन्ना खोलीला हात लावू देत नाहीये. तू समोरच राहतोस ना?"

माझ्याकडे किल्ली होती. दाराशी बॅग उभी, विमानाचा टॅग तसाच. बूट नीट शेजारी शेजारी काढलेले. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते, जिथून मला हात करायचे त्याच. कोटाच्या खिशातला फोन अजून फ्लाइट मोडवर. शनिवारीच गेले, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस मी त्यांचा दिवा बघत होतो. समुद्रापलीकडच्या म्हातारीला काळजी लागली, आणि मला एक रस्ता ओलांडवला नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मुलगा आला. रविवारी फोन लागला नाही तेव्हा प्रवासाने दमून झोपले असतील, असं त्यालाही वाटलं होतं. त्रिसरण झालं, सगळं रीतसर पार पडलं. सोमवारी लुचियाला दोन ओळींचा मेसेज तेवढा केला होता; गुरुवारी दुपारी मुलगा परत गेल्यावर मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिने ते नोन्नाला त्यांच्या बोलीत सांगितलं, मग मागून नोन्नाचा आवाज आला.

"नोन्ना विचारतेय," लुचिया म्हणाली, "आता खोली झाडायची का?"

मी समोर पाहिलं. जाताना मुलाने पोर्चचा दिवा बंद केला होता.

"आजचा दिवस राहू द्या," मी म्हटलं.