भरतीचा वेगळा पत्ता

आज सकाळी आमच्या कंपनीच्या नोकरभरतीच्या वेबसाइटवर एक अर्ज आला. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मी फाटकाबाहेर उभी आहे.'

खिडकीतून पाहिलं. चाळिशीतल्या एक बाई पर्स छातीशी धरून उन्हात उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा मोबाइलकडे बघत होत्या.

ही वेगळी साइट मी हट्टानं घेतली. मुलगी म्हणाली होती, "बाबा, कंपनीच्या साइटवर एक पान पुरेल की." मी तिच्यावर खेकसलो. भरतीला इंटरनेटवर स्वतःचा पत्ता हवाच होता, आणि तो मी विकणाऱ्याशी घासाघीस करून मिळवला. तरुणपणी एका कारखान्याच्या फाटकावर मी तीन दिवस उभा होतो. रखवालदारानं माझा अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. तो राग अजून गेलेला नाही. माझ्या दारात कुणावर तशी वेळ येऊ नये, एवढंच मनात होतं.

मी खाली गेलो. "ताई, अर्ज पोचला की तुमचा. मग उन्हात कशाला थांबलात?"

त्या ओशाळल्या. "पाठवला खरा, साहेब. पण कुणी घेतला का, तेच कळेना."

अर्ज देताना माणूस समोरच्या हाताकडे बघत असतो. हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

"मी घेतलाय," मी म्हणालो. "या, आत बसून बोलू."