छत्तीस नंबरच्या डब्यातल्या तीन जागा

चिपळूणच्या स्टँडवर मुंबईची गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती, तेवढ्यात बाबा धावत जाऊन आत चढले आणि खिडकीशी बसले. माझ्या हातात रिझर्व्हेशनचं तिकीट होतं, त्यावर सीट नंबर होता. आई म्हणालीसुद्धा, "अहो, नंबर आहे ना तिचा!" बाबा आतूनच ओरडले, "कागदावर आहे. बसल्याशिवाय काही खरं नाही." मग ते उठले, मी बसले, आणि खाली उतरून खिडकीतून त्यांनी एकच सांगितलं, "पोचेपर्यंत उठू नको." मी चोवीस वर्षांची, नर्सिंगची सर्टिफिकेटं पोटाशी धरून कुवेतला निघालेली. माणगावला गाडी चहाला थांबली, सगळे उतरले, मी काही उठले नाही.

दादा, तुला आठवत असेल, माझी बॅग तूच वर चढवली होतीस. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "घरातली तुमची मधली खोली भाड्याने देऊ का? तुम्ही परत येणार आहात का नक्की?" मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. आता उत्तर देते. पण त्यासाठी आधी आमच्या युरोपच्या सहलीचं सांगायला हवं.

मी मुळात भित्री, हे तुला काय सांगायचं! अठरा वर्षांत कुवेतने ती भीती आणखी मुरवली. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायच्या दोन महिने आधीपासून मला जेवण गोड लागत नाही. माझ्याबरोबर इथल्या जहरा गावच्या हॉस्पिटलात लागलेल्या सुजा सिस्टरला एका सकाळी नोकरी संपल्याचं पत्र मिळालं, आणि महिन्याभरात तिचं बिऱ्हाड गुंडाळून झालं. तेव्हापासून मी घरात जड फर्निचर घेतलेलं नाही. खाली कचरा टाकायला जातानाही सिव्हिल आयडी पर्समध्ये आहे ना, हे बघते. मंदार हसतो. माझा नवरा बँकेत आकडे सांभाळतो आणि घरी "काही होत नाही गं" एवढंच म्हणतो. आणि आमची ईरा, चौदा वर्षांची, इथेच जन्मलेली, तिला कसलीच भीती नाही. निदान मला तसं वाटायचं. कुवेतमध्ये रेल्वे नाही आणि चिपळूणला आपण तिला विमानतळावरून कारनेच आणतो, त्यामुळे पोरगी आगगाडीत कधी बसलेलीच नव्हती.

म्हणून या सुट्टीत युरोप, आणि तोही ट्रेनने. मंदारने रेल पास काढले आणि जग जिंकल्यासारखा म्हणाला, "आता कुठल्याही गाडीत चढायचं!" मी बारीक अक्षरं वाचली. पास म्हणजे नुसती प्रवासाची परवानगी, बसायची जागा वेगळी राखायची. काही गाड्यांत त्याशिवाय चढूच देत नाहीत, काहींत चढू देतात पण उभं राहायची पाळी येऊ शकते. ड्युटीवरून आल्यावर चार दिवस बसून मी एकूण एक गाडीची जागा राखली. बर्लिन ते कोलोन, डबा छत्तीस, सीट एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. प्रिंटही दोन-दोन काढल्या.

आणि एवढं करून बर्लिनला मी काय केलं? पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेले आणि रांगेत अडकले. परत येते तो गाडी लागलेली, आमचा डबा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, मंदारच्या दोन हातांत दोन मोठ्या बॅगा. माझ्या तोंडून निघून गेलं, "ईरा, पळ! जागा धर!"

नंबर छापलेला कागद हातात, आणि मी पोरीला जागा धरायला पळवलं. ती गेली, लांबवर चढलेलीही दिसली. तेवढ्यात शिट्टी झाली. आम्ही समोरच्या दारात बॅगा लोटल्या आणि घुसलो. मंदार म्हणाला, "आतून जाऊ चालत."

बॅगा ओढत, माफी मागत पाच-सहा डबे गेलो आणि पुढे बंद दार. त्यापलीकडे ड्रायव्हरची केबिन. वाटच नव्हती! तिकीट तपासणारी बाई आली, पन्नाशीची असेल. आमचा कागद बघून ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, "या दोन गाड्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या. पुढे त्या वेगळ्या होतात. ही डुसेलडॉर्फला जाणार, तुमची मुलगी आहे ती कोलोनला. पुढचं स्टेशन दीड तासाने. तिथे तीन मिनिटं थांबते. उतरा आणि पळा."

ईराचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. तिच्या फोनला नेट मंदारच्या फोनवरून मिळायचं, म्हणजे तिचा फोन आता नुसतं खेळणं. खिशात दहा युरोसुद्धा नाहीत. कुणी कागद मागितला तर ती काय दाखवणार? पण खरी भीती वेगळीच होती. आम्ही येत नाही म्हटल्यावर ती आम्हाला शोधायला निघेल. पुढच्या स्टेशनवर ती खाली उतरेल, आम्ही वर चढू आणि दारं लागतील. दीड तास मला तेवढंच दिसत होतं, फलाटावर एकटी उभी असलेली ईरा. मंदार एकदाही "काही होत नाही" म्हणाला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरले. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही धड आठवेना.

बाईने तिकडच्या सहकाऱ्याला फोन लावला होता. बऱ्याच वेळाने ती परत आली, जराशी वैतागलेली. "मुलगी आहे तिथे. तो तिला म्हणाला, माझ्याजवळ येऊन बस. ती उठायला तयार नाही."

मी तिथेच, परक्या माणसांसमोर, हमसून रडले.

स्टेशन आलं तशी आम्ही उडी टाकली. मंदारच्या बॅगेचं चाक निखळलं, तरी तो ती फरफटत पळाला. मी डब्यांचे नंबर मोठ्याने वाचत पळत होते, लोक बघत होते, बघू देत. छत्तीसमध्ये पाय ठेवला आणि पाठीमागे दार लागलं. मधल्या सीटवर ईरा. एका बाजूच्या जागेवर तिचं जॅकेट, दुसरीवर पाय पसरलेला, आणि चेहरा पांढराफटक.

"मम्मा, व्हेअर वेअर यू?" एवढं म्हणून तिने माझा दंड जो धरला, तो कोलोनपर्यंत सोडला नाही. थोड्या वेळाने मला म्हणाली, "इट वॉज सो सिली. आपले नंबर होते. नोबडी वुड हॅव टेकन देम."

"मग त्या माणसाने बोलावलं तर उठली का नाहीस?"

"आजोबा सांगतात ना. दर वेळी कारमध्ये बसताना. पोचेपर्यंत उठायचं नाही."

कोलोनला उतरल्यावर पहिला फोन बाबांना केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी आणि मग विचारलं, "खिडकीची धरली होती का?"

दादा, चार वर्षांनी ईराची शाळा संपेल. आमच्या व्हिसावर तिला इथे कायमचं राहता येणार नाही. जन्मली इथे, पण जावं लागेलच. कुठल्या देशात, माहीत नाही. आम्ही दोघं काँट्रॅक्ट आहे तोवर इथे, पुढे कुठे, तेही माहीत नाही. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण त्या दीड तासातली भीती अजून माझ्या पोटातून गेलेली नाही.

म्हणून मधली खोली भाड्याने देऊ नको. त्यात तुझे तांदूळ ठेव, गाद्या ठेव, तुझं सामान हलवायला वेळ लागत नाही. माझ्यासाठी म्हणत नाही मी. ईरा येईल, न येईल. पण आली, तर तिला दारात थांबून "इथे कुणी आहे का?" असं विचारायची पाळी येऊ नये. तेवढी जागा धरून ठेव.