कालिंदी, जाऊ नकोस!

या वयात माझं बाहेर प्रकरण चालू आहे, ही बातमी मला शेजारच्या दुबेभाभींमुळे कळली. बाईचं नाव कालिंदी. पुढचा तपशील भाभींकडे माझ्यापेक्षा जास्त होता!

कालिंदी ही एका बंद पडलेल्या मराठी मालिकेची नायिका. शेवटच्या भागात ती नवऱ्याचं घर सोडून फाटकापर्यंत गेली आणि मालिकाच संपली. (निर्मात्याकडे बहुधा फाटकापलीकडचा रस्ता नव्हता.) कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीहून झाशीला येऊन मला जन्म लोटला. इथे घराबाहेर मराठी कानावर पडत नाही, त्यामुळे ही बाई आम्हाला नात्यातलीच झाली होती. मी, बायको सुलभा आणि मुलगी ओवी, तिघं जेवताना तिची रोज वाट बघायचो.

मग ओवी नोकरीला बंगळुरूला गेली. फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

संपलं! एकदा मी सहज म्हटलं, "काय गं, त्या कालिंदीचं पुढे काय झालं असेल?" त्या दिवशी बोलणं इतकं लांबलं की सुलभाला आमटी पुन्हा गरम करावी लागली. त्यातूनच आमचं फॅनफिक्शन सुरू झालं. म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांना आपल्या घरी आणायचं, त्यांची गोष्ट पुढे लिहायची आणि इंटरनेटवर टाकायची. ओवी झाशीत वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदी. म्हणून आराखडा तिचा, भाषा माझी.

"बाबा, दहाव्या भागात कालिंदी वापस येते. बाराव्यात स्टोरी खतम. ठीक?"

"ठीक."

कारखान्यात मी आराखड्याबाहेर कधी एक खिळा ठोकला नाही. पण इथे मला सुचतच जायचं! दहाव्या भागात कालिंदी परत येण्याऐवजी तिला जुळी बहीण निघाली.

"बाबा! ही बहीण कुठून आली? प्लॅनमध्ये नव्हती ती!"

"अगं, जुळं कधी प्लॅन करून होतं का?"

पुढे नवऱ्याची स्मृती गेली. ती परत येते न येते तोच बहिणीची गेली. बारावा भाग कधीच मागे पडला. ओवी चिडायची, मी आणखी एक पात्र आणायचो. खरं सांगतो, मला गोष्ट संपवायचीच नव्हती. गोष्ट संपली की पुन्हा "जेवलात?" "जेवलो."

टायपिंग मला जमत नाही. मी गच्चीवर फेऱ्या मारत फोनला तोंडी मजकूर सांगतो. त्या संध्याकाळी प्रसंग होता कालिंदीच्या वडिलांचा. (आराखड्यात तिला वडील नव्हतेच!) बोलता बोलता मी रंगात आलो.

"कालिंदी, जाऊ नकोस! तू गेल्यापासून त्या खोलीतला पंखा कुणी लावला नाही. तुझा कप मी पाहुण्यांनाही देत नाही. तुझ्याशिवाय या घरात मन लागत नाही गं!"

मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पलीकडच्या गच्चीवर दुबेभाभी वाळलेले पापड गोळा करत होत्या. त्यांना मराठी अर्धंच समजतं, पण नेमकं नको ते अर्धं!

सुलभा सीपरी बाजारातून भाजी घेऊन ऑटोतून उतरली, तर भाभी फाटकातच उभ्या.

"दीदी, हिम्मत रखिए. भाईसाहब किसी कालिंदी के लिए रो रहे हैं."

"कालिंदी?" सुलभा शांतपणे म्हणाली. "वो तो रोज शाम को हमारे यहाँ आती थी. हम साथ में खाना खाते थे."

भाभींनी फाटक घट्ट धरलं. "और आपने कुछ कहा नहीं?"

"क्या कहती? मुझे भी अच्छी लगती थी!"

थोड्याच वेळात दुबेजी माझी समजूत काढायला आले. त्यांना ऐकू कमी येतं.

"अरे दुबेजी, वो काल्पनिक है!"

"कालपी की है?"

कालपी हे इथून दोन-तीन तासांवरचं गाव. दिवे लागायच्या आत कॉलनीने कालिंदीला तिथे घर, एक भाऊ आणि शिवणकामाचा क्लास काढून दिला. माझ्याहून सरस लेखक आमच्या कॉलनीतच होते!

भाभींनी ओवीलाही फोन लावला. मग ओवीचा मला आला. ती हसून हसून बेजार झाली होती.

"बाबा, तुमची कालपीवाली कशी आहे? काय डायलॉग मारला तुम्ही? वाचा ना!"

मी वाचला. तिकडचं हसू थांबलं.

"बाबा, 'जाऊ नकोस' म्हणजे कालिंदी तर अजून गेलीच नाही. मग तिचा पंखा बंद कसा?"

"सुचलं."

"आणि कप?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"जेवलात?" तिने हळूच विचारलं.

"जेवलो," मी म्हणालो. आमच्याकडे अजून कुकरही लागला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ती रजा घेऊन आली. न सांगता, काहीही न ठरवता! आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर शेवटचा भाग लिहिला. बहीण गेली, स्मृती परत आली, कालिंदी घरी आली. वडिलांना मात्र ओवीने काढू दिलं नाही. "राहू दे ना, बिचारे," म्हणाली.

ती परत गेली त्या दिवशी मी तिच्या खोलीत उगाच बसून राहिलो. मग फोन उघडला. एका वाचकाने शेवटच्या भागावर लिहिलं होतं:

"कथा छान. जुळी बहीणसुद्धा पटली. पण ते कालिंदीचे वडील फारच नाटकी वाटले. खऱ्या आयुष्यात असा रडका बाप असतो का कुठे?"