अण्णांची वाचा

मस्कतला आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. तिघंही बेळगाव जिल्ह्याचे. मी उचगावचा, कंपनीत एसीची कामं बघायचो. अण्णा निपाणीचे, स्टोअरकीपर. तिसरे हुक्केरीकडचे, मातृभाषा कन्नड, कंपनीची बस चालवायचे. त्यांना सगळा कॅम्प मामा म्हणायचा. अण्णा आणि मामा एकाच वयाचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी गेलो तेव्हा त्या दोघांची तिथली बरीच वर्षं होऊन गेली होती. चपात्या मामांनी लाटायच्या, आमटी अण्णांनी करायची आणि भांडी मी घासायची, हे मी पोहोचायच्या आधीच ठरून गेलं होतं.

शुक्रवारी सुट्टी. जेवण झालं की बातम्या लागायच्या, आधी मराठी, मग कन्नड. बातम्या कमी आणि बोलणं जास्त. आमच्यातल्या कुणी कित्येक वर्षांत मत दिलेलं नव्हतं. पण कोण निवडून येणार, कुणाला तिकीट मिळायला पाहिजे होतं, यावर आवाज असे चढायचे की शेजारच्या खोलीतले केरळी भिंतीवर थाप मारायचे. गावापासून लांब गेलेला माणूस गावच्या बातमीला घट्ट धरून बसतो. गावात असताना मी पेपर उघडून पहिल्यांदा क्रिकेटचं पान बघायचो. तिथं मात्र बेळगावात कुठल्या चौकात कुठला फलक लागला, हे कळल्याशिवाय घास उतरायचा नाही.

रुपया पडला की अण्णा सरकारला शिव्या घालायचे. देश बुडाला म्हणायचे. आणि त्याच संध्याकाळी आम्ही तिघंही पैसे पाठवायला एक्स्चेंजच्या रांगेत उभे असायचो, कारण रियालला जास्त रुपये मिळणार असायचे. मामा रांगेत हळूच विचारायचे, "देश बुडाला तर तू हसतोस कशाला?" अण्णा म्हणायचे, "गप रं. घराचा स्लॅब पडायचा हाय."

पैशाबद्दल दोघांची मतं उलटी होती. मामांनी गावाकडं स्वतःचा आणि मामींचा आरोग्य विमा काढला होता. दरवर्षी हप्ता भरायचे आणि भरला की दोन दिवस अण्णांची बोलणी खायचे. "इमा म्हंजे भीती इकायचा धंदा," अण्णा म्हणायचे. "वर्षभर आजारी पडला न्हाईस तर पैसं गेलं. आणि पडलास तर ते म्हणणार, हे आमच्यात बसत न्हाय. त्यापरास जागा घे. जागा कुठं पळून जाती व्हय?" अण्णांनी निपाणीत दुमजली घर बांधलं होतं आणि मुधोळ रस्त्याला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो प्लॉट म्हणजेच त्यांचा विमा. मामा म्हणायचे, "तुझा प्लॉट ॲम्ब्युलन्समध्ये बसतो काय?" मग दोघंही हसायचे.

हे हसणं एका शुक्रवारी थांबलं. महाराष्ट्र सरकार आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या गावांनाही लागू करणार आणि कर्नाटकानं त्याला हरकत घेतली, अशी ती बातमी होती. अण्णांचा चेहरा उजळला. "बघ, आमची आठवण हाय त्यांना. औषधाला तरी आम्हाला आपलं म्हणलं."

मामा म्हणाले, "आणि ज्या राज्याचं पाणी पितोस, वीज घेतोस, ते परकं?"

"परकंच. आमास्नी इचारून घातलं व्हय कर्नाटकात?"

"मग मी कोण? बेळगावात माझा लेक शिकतो. आम्ही काय पाहुणे?"

अण्णा रागाच्या भरात म्हणाले, "पाहुणे असता तर बरं झालं असतं. पाहुणा कधीतरी जातो."

मामांनी हातातली चपाती ताटात ठेवली, उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. त्या दिवसापासून खोलीत दोन कुकर लागायला लागले. मी दोन्हीकडचं खायचो. अण्णांची आमटी तशीच होती, पण सोबतीला खुबूस, म्हणजे दुकानातली तयार अरबी रोटी असायची, कारण चपाती त्यांना लाटता येत नव्हती. मामांचं पीठ मऊ मळलेलं, आणि त्याबरोबर नुसतं लोणचं. दोघंही माझ्याशी बोलायचे, एकमेकांशी नाही. टीव्ही बंदच असायचा.

असे काही आठवडे गेले. मग एका दुपारी अण्णा स्टोअरमध्ये वाल्व मोजता मोजता खाली बसले. पोऱ्यांना वाटलं, उन्हानं चक्कर आली. मी पोहोचलो तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. माझ्याकडं बघत होते, ओळखत होते, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. मी ॲम्ब्युलन्ससाठी फोन शोधतोय तोवर मामांनी रिकामी बस स्टोअरच्या दारात लावली होती. कुणी बोलावलं त्यांना, मला अजून माहीत नाही. त्यांनी अण्णांना खांद्यावर घेतलं आणि बसच्या पायऱ्या चढले. सगळ्या वाटेत कन्नडमध्ये बोलत होते, "एन आगल्ल, एन आगल्ल." काही होत नाही, काही होत नाही.

अण्णांना रक्तदाब होता, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. गोळ्या घ्यायचे, पण सोडून सोडून. कामावरून काढतील म्हणून सांगितलं नव्हतं. कंपनीनं काढलेल्या विम्याला मर्यादा होती, ती लवकरच संपली. पुढं कंपनीनं तिकिटाचा खर्च दिला आणि हात जोडले. पेशंटबरोबर एक माणूस पाहिजे, अशी विमान कंपनीची अट होती. मामा म्हणाले, "माझी सुट्टी शिल्लक आहे." वर्षभर त्यांनी ती सुट्टी थोरल्या मुलाच्या साखरपुड्यासाठी राखली होती.

गोव्याला विमान उतरलं आणि चोर्ला घाटानं ॲम्ब्युलन्स बेळगावला आली. दवाखान्यात निपाणीहून अण्णांची बायको, आमच्या वहिनी, आल्या. मी नंतर रजेवर आलो, तोवर अण्णांचा जीव वाचला होता आणि पाय थोडा उचलायला लागला होता, पण वाचा गेलेलीच होती. बोललेलं सगळं समजायचं. विचारलं तर उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि शब्द यायचा नाही. मग डोळे मिटून घ्यायचे.

प्लॉटचा विषय वहिनींनीच काढला. अण्णांचे भाऊ म्हणत होते, आत्ता भाव मिळणार नाही, थोडं थांबू, आपण सगळे मिळून भागवू. वहिनी पलंगाशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "प्लॉट इका. जागा काय, कुणाच्या बी नावावर गप बसून ऱ्हाती. ह्यांनी बोलाय पायजे." अण्णा ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलून नको नको केलं. वहिनींनी तो हात धरून खाली ठेवला आणि चादर नीट केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याला न विचारता व्यवहार केला असेल. महाराष्ट्राच्या त्या योजनेचीही आम्ही चौकशी केली, पण तोवर मोठा खर्च होऊन गेला होता. राहिलेल्या उपचारासाठी कागद गोळा करत हिंडायला घरात माणूस नव्हता.

वाचेच्या उपचारासाठी डॉक्टरांनी कोल्हापूर सुचवलं. निपाणीहून बेळगावपेक्षा तेच जवळ. पहिल्या खेपेला गाडी मामांची होती आणि चालवायलाही मामाच. मी पुढं बसलो, मागं अण्णा आणि वहिनी. मामांच्या गाडीच्या काचेवर कन्नडवाल्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्याचं स्टिकर होतं. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढं काढा की. दिवस बरं न्हाईत." त्या आठवड्यात सीमेवरून पुन्हा तापलेलं होतं, बसेस कधी चालू, कधी बंद. मामा नखानं स्टिकर खरवडायला लागले. निम्मं निघालं, निम्मं काचेला धरून राहिलं.

दूधगंगेचा पूल ओलांडून थोडं पुढं गेलो तोच वीस-पंचवीस पोरं रस्त्यावर आली. हातात भगवे झेंडे. कर्नाटक पासिंगची गाडी म्हणून हात करून थांबवली. एकानं काचेवरचं ते अर्धं स्टिकर बघितलं आणि बोनेटवर हात आपटला. मामांनी स्टीअरिंग धरून ठेवलं होतं. ते बोलले असते तर दुसऱ्याच शब्दाला ओळख पटली असती.

मी खाली उतरलो. "दादा, पेशंट हाय. निपाणीचं मराठी घर हाय. कोल्हापूरला दवाखान्यात निघालोय."

"मग हा ड्रायव्हर का बोलत न्हाय?"

"आमचा माणूस हाय तो."

"आमचा म्हंजे कुठला?"

मागची काच खाली करून वहिनी म्हणाल्या, "लेकरांनो, ह्यास्नी वाचा न्हाय. बघा तरी."

मागं उभ्या असलेल्या पोरांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या घोषणा चालूच होत्या. एक जण ओरडायचा, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि बाकीचे उत्तर द्यायचे. दोनदा झालं. तिसऱ्या वेळेला त्या उत्तरात गाडीतूनही एक आवाज मिसळला.

"झालाच पाहिजे!"

अण्णांचा आवाज. जाड, थोडा वाकडा, पण शब्द स्वच्छ. वहिनी त्यांच्याकडं वळल्या आणि त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. अण्णांनाही काही कळत नव्हतं. घाबरलेल्या माणसासारखे ते आपल्याच ओठांना हात लावून बघत होते. वहिनींना हुंदका फुटला. बोनेटवर हात आपटणारा पोरगा मागं सरला आणि म्हणाला, "काका, जावा तुम्ही." त्यानंच पुढच्या पोरांना बाजूला केलं.

गाडी सुरू झाली. कागल मागं पडलं. अण्णांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, पण पहिल्यासारखाच घोगरा आवाज आला. वहिनी म्हणाल्या, "म्हणा की. आत्ता म्हणाला न्हाई का?" काही नाही.

मामांनी आरशात बघितलं. मग रस्त्यावर नजर ठेवून, आपल्या कानडी हेलात, मोठ्यानं म्हणाले, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अण्णा म्हणाले.

ज्या माणसानं याच सीमेच्या वादापायी जेवत्या ताटावरून उठून दुसरा कुकर आणला, तो कोल्हापूर येईपर्यंत ती घोषणा देत राहिला. मधेच त्यांचा आवाज बसला, तेव्हा मी देतो म्हणालो. मामांनी मान हलवली. "नको. माझ्याशीच भांडायचा तो." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला स्टीअरिंगवरचा हात त्यांनी काढला नाही.

उपचार करणाऱ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, स्वतः शब्द शोधून बोलणं जातं, पण लहानपणापासून तोंडात बसलेलं कधीकधी शिल्लक राहतं. पाढे, वारांची नावं, आरत्या, शिव्या. तिथूनच सुरुवात करायची. मग निपाणीच्या त्या घरात रोज सकाळी पाढे आणि आरत्या चालू झाल्या. पहिले काही दिवस अण्णांकडं एकच उत्तर होतं. वहिनींनी विचारायचं, "च्या देऊ?" आणि अण्णांनी म्हणायचं, "झालाच पाहिजे." घरातली सगळी हसायची, अण्णाही हसायचे. पण नंतर खिडकीकडं तोंड करून बसायचे.

हळूहळू रविवार, सोमवार आले. पाणी आलं. वहिनींचं नाव आलं, जे अण्णांनी लग्नात उखाण्यात घेतल्यावर पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं. मामांची सुट्टी संपली. निघायच्या दिवशी ते पलंगावर अण्णांजवळ बसले. "विमा काढायचा काय आता?" त्यांनी विचारलं. अण्णांनी बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाले, "गप." मग अजून शोधून, "जेवून जा." त्या दिवशी मामा जेवून गेले.

पुढच्या वर्षी मी कायमचा परत आलो. उचगावात घर होतंच. विमा काढायला गेलो तेव्हा माझाही रक्तदाब निघाला. त्या आजाराचे दावे पहिली काही वर्षं मंजूर होणार नाहीत, असं त्या माणसानं सरळ सांगितलं. मी हप्ता भरला. ज्यावर पैसे घालवले ते कधी वापरायला लागू नये, अशी इच्छा धरून पैसे भरताना विचित्र वाटतं, पण भरला.

अण्णा पौषात गेले. दुसरा झटका होता, आणि या वेळी दवाखान्यापर्यंत जायला वेळच मिळाला नाही. मामांना रजा मिळाली नाही. मी फोनवर त्यांना शेवटचं दर्शन घडवलं. ते बस बाजूला लावून रस्त्याकडेला उभे होते, मागं नुसतं ऊन दिसत होतं. त्यांनी हात जोडले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचा फोन आला. निवडणुकीचे दिवस होते. पूर्वीचे असतो तर तासभर तेच बोललो असतो. मामांनी विचारलं, "वहिनींचं कसं चाललंय?" मी सांगितलं, वरचा मजला भाड्यानं दिलाय. हुबळीहून बदली होऊन आलेलं कुटुंब आहे. नवरा-बायको, एक मुलगी. घरात कन्नडच बोलतात. वहिनींना थोडंथोडं समजतं, त्या मुलीला मराठी शिकवतात.

"भाडं वेळेवर देतात काय?" मामांनी विचारलं.

"देतात," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. मग पलीकडून बस सुरू केल्याचा आवाज आला.